काठ

पट्टी सुटली तेव्हा केतकी तेरा वर्षांची होती.
आम्हाला वाटलं, आता दिसणार,
नळाला पाणी येतं तसं.
ती म्हणाली, "आबा, सगळं सांडलंय."

तांबट आळीत आमचं दुकान. सकाळी सातपासून ठोकठोक.
जन्मापासून हिच्या दोन्ही डोळ्यांत दुधाची साय,
पण बोटांवर कधी साय धरली नाही.
मठारलेल्या घागरीवरून हात फिरवून सांगायची,
"ही तुमची. ही सदूकाकाची.
त्याचा हातोडा जरा डावीकडे पडतो."
मी तिला डोळसच समजत होतो.

तारळेकर बाईंनी कागदावर दोन गोल काढले,
एकमेकांवर थोडे चढलेले.
"किती?"
"तीन."
मी हसलो. बाई हसल्या नाहीत.
गोलावर गोल आला होता तो मधला तुकडा
तिने वेगळा मोजला होता. आणि खरं सांगायचं तर
होताच की तो तिथे.
बाई म्हणाल्या, डोळा नुसता उजेड आत सोडतो.
एक वस्तू कुठे संपते, दुसरी कुठे सुरू होते,
ते मागे बसलेला मेंदू ठरवतो,
आणि हे तो पाळण्यातच शिकतो,
खुळखुळ्याकडे बघत, कुणाला न सांगता.
हिचा मेंदू त्या वर्गात आज बसलाय.

मग आठ-दहा दिवस.
दारातल्या सावलीला खड्डा समजून उंच पाऊल टाकायची.
तपेल्यावर पडलेलं ऊन उचलायला जायची.
पराती, बंब, तिची आई, भिंतीवरचं कॅलेंडर,
सगळ्याची मिळून एक गोधडी, टाके न दिसणारी.
घाबरली की डोळे मिटायची
आणि झपझप मोरीपर्यंत जायची, कुठेही न अडखळता.

एका दुपारी लाइट गेले होते, ठोकणं थांबलं होतं,
आकड्याला टांगलेली परात वाऱ्याने हलली.
तेवढीच परात. मागची भिंत नाही, शेजारचा हंडा नाही.
केतकी ओरडली, "आबा, ते एक आहे!
ते सगळं मिळून एक आहे!"
एकत्र हलतं ते एकाच घरचं,
हे तिला बाईंनीही सांगितलं नव्हतं.
मग तिने आख्खं घर हलवून काढलं.
चमचे, पडदे, झोपलेल्या आजोबांचा पाय.
डेंगळे पुलावर नेलं, तर कठड्याला धरून उभीच.
खाली चिखल कुठला, म्हैस कुठली, ठरेना.
म्हैस उठली, शेपूट झाडली,
आणि मुठेला काठ आला.

चेहरे अजून नाहीत.
बाई म्हणतात, येतील. मग म्हणतात, बहुतेक.
काही कामं मेंदू लहानपणीच वाटून टाकतो,
उशिरा आलेल्याला रांगेत उभं राहावं लागतं.
परवा मी, सदू आणि एक गिऱ्हाईक
मुद्दाम गप्प उभे राहिलो.
ती तिघांकडे बघत राहिली, बराच वेळ,
मग हळूच म्हणाली, "हला ना जरा."
मी हललो नाही.
का, ते माझं मलाच ठाऊक नाही.
शेवटी सदू खोकला, आणि ती त्याला सोडून
उरलेल्या दोघांत मला शोधू लागली.

त्या रात्री दुकानात एकटा बसलो.
समोर अर्धी झालेली घागर.
म्हटलं, बघू हिच्यासारखं,
नुसता तांबूस डाग, नाव नसलेला.
डोळे बारीक केले, मान तिरकी केली, दिवा लांब नेला.
एक्कावन्न वर्षांचा मेंदू हटून बसला.
पुन्हा पुन्हा घागरच आणून पुढे ठेवायचा,
आणि घागरीमागे, न विचारता, अख्खं दुकान.
मला कुणी शिकवलं हे?
कुठल्या दुपारी, कुठली परात हलली होती माझ्यासाठी?

उठताना तोंडावरून बोट फिरवलं.
काठ अजून वळवलेला नव्हता.
बारीकसं कापलं.