तीन सामने

निवास चौगले, वडणग्याचा.
काथ्याच्या मॅटिंगवर त्याचा चेंडू
थेट नाकाशी बोलायचा.
पुण्यात, हिरवळीवर, तोच
गुडघ्याएवढा. मुकाट.

तीन रणजी सामने, चार बळी.
त्यातला पायचीत
"खरं तर नव्हताच आउट,"
हे तो आपणहून सांगतो
चहा संपायच्या आत.

चौथ्या वेळी पत्र आलं नाही.
पोस्टमन सायकलवरूनच मान हलवायचा,
पुढं तेही बंद झालं.

आता पहाटे डेअरीत
फॅट लावताना
नमुन्याची बाटली धरतो दोन बोटांत,
अंगठ्यानं शिवण चाचपत.
काचेला कुठली शिवण?

रांगेतून पारूबाई ओरडते,
"आकडा लिव्ह की रं बाबा,
म्हस खोळंबलीया!"

तो लिहितो: सहा पॉइंट दोन.
होतं तेवढंच.