जाडच घ्या

मधल्या मारुतीच्या मागच्या बोळात
कलशेट्टीबाईंचं लोकरीचं दुकान.
सोलापुरात, एप्रिलात, लोकर.
पंखा फिरतोय आणि फळीवर गुंडे
घामाघूम पाहुण्यांसारखे गप्प.

मी म्हणालो, बारीक दाखवा.
पांढरी. जमली तर पिसासारखी.
चाळीस वर्षं सूत हाताळलंय, बाई,
डोळे मिटून सांगतो वीसचं की चाळीसचं.

त्यांनी बारीक काढलीच नाही.
वरच्या फळीवरून उतरवला
दोरखंडाचा धाकटा भाऊ,
पिवळा, हरभऱ्याच्या डाळीसारखा.
"पहिल्यांदाच ना? मग जाडच घ्या."

पहिल्यांदाच.
बासष्टाव्या वर्षी हे ऐकावं लागेल
असं वाटलं नव्हतं.
मराठीत दोन्हीला विणणंच म्हणतात,
मागावर चादर, सुयांवर मफलर.
सगळा जन्म त्या एका शब्दात राहिलो
आणि त्याची मागची खोली कधी उघडलीच नाही.

आमच्यात नंबर वाढला की सूत बारीक.
इथं पदर वाढले की लोकर जाड.
सुया मात्र आमच्या बाजूच्या:
बारा नंबर म्हणजे काडी, चार नंबर म्हणजे लाटणं.
त्यांनी चार नंबर दिल्या, बांबूच्या.
"स्टीलवरून टाके पळतात.
नव्या माणसाच्या हाती पळणारं काही देऊ नये."

मी काळी मागितली, मळ दिसत नाही म्हणून.
नाही म्हणाल्या.
केसाळ मागितली, सशासारखी.
तीही नाही. "उसवायला गेलात तर घरटं होईल."
उसवायचंय कशाला?
तेव्हा कुठे त्या हसल्या.
"काका, जाड, फिकी, गुळगुळीत.
म्हणजे चूक दिसते.
दारातून दिसते. चष्म्याशिवाय दिसते."

आमच्याकडे चूक दिसली
की चादर डागी, आणि शनिवारी पगारातून कट.
मोराच्या मानेत एखादा धागा तुटला
तर थुंकी लावून, बोटानं दाबून,
घडीच्या आतल्या अंगाला
किती मोर पाठवले मी
ते सिद्धेश्वरालाच माहीत.

फेब्रुवारीत शेठनी माग काढले. किलोवर गेले.
माझा टेम्पोत चढत होता तेव्हा
धोटा खिशात टाकला. कुणी विचारलं नाही.
तेव्हापासून हात पहाटे पाचला उठतात,
माझ्याआधी,
आणि चादरीच्या काठाशी काहीतरी शोधत बसतात.
बायको विड्या वळते. सुपातून मान वर न करता म्हणाली,
"त्यांना कायतरी द्या बघू."

तर ओट्यावर बसतो. वीस टाके.
सुई आत, धागा वरून, बाहेर, सोड.
एक ओळ होईतो नळाला पाणी येऊन जातं,
आणि आमच्याकडं ते चार दिवसांआड येतं.
चिलवेरी सायकल टेकवतो:
"काय करलालास बे अंबादास?
मफलर? बेचाळीस डिग्रीत?"
तो टॉवेलच्या कारखान्यात रात्रीचा वॉचमन,
अक्कलकोट रोडला, पत्र्याच्या केबिनीत.
डिसेंबरात त्याला फोन केला
तर आधी खोकला संपायची वाट बघावी लागते.
मी सांगितलं नाही कुणासाठी ते.

काल सातव्या ओळीत टाका निसटला.
तीन ओळी खाली जाऊन बसलेला,
पिवळ्या शिडीच्या तळाशी, तोंड उघडं.
हात सवयीनं गेला: थुंकी, बोट, दाब.
लोकर दबेना. जाड ना.
फुगून परत वर आली, गल्लीदेखत.

चार वाजले होते. पत्रे तडतडत होते.
विडीचं तोंड मुडपायची बायकोची सळई मागून घेतली
आणि एकेक पायरी त्याला वर आणला.
"जमलं?"
थोडं वाकडं झालंय.
"दिसतंय," ती म्हणाली.
हो, म्हणालो. इथूनही दिसतंय.