खुर्चीत जो आहे

लेमुय बेटावर, शिंपलेवाल्यांच्या सोसायटीत
एक सूक्ष्मदर्शक आहे, यूएसबीच्या वायरीचा,
आणि एक म्हातारा संगणक, मोकळ्या प्रणालीवर चालणारा.
मोकळी, म्हणजे तिच्या पोटातलं सगळं वाचता येतं.
मी वाचलं नव्हतं.

तीन वर्षं, रोज सकाळी साडेसातला
रोसाल्बा कार्कामोचा फोन:
"एल्व्हियो, हे पुन्हा नाही म्हणतंय."
पडद्यावर एकच ओळ, परवानगी नाही.
मी चोंचीत, खाडीच्या अलीकडे, पावाला लोणी लावता लावता
दुरून आत शिरायचो, रूट व्हायचो,
दार उघडून द्यायचो.
देव तुझं भलं करो, म्हणायची.
खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

वायर उपटली की परवानगी मरते.
पुन्हा जोडली की यंत्र नव्याने जन्मतं
रूटच्या मालकीचं;
कालचं उघडं दार त्याला आठवत नाही.
आणि वायर रोज उपटली जायची,
कारण त्याच भोकात तिचा मोबाइल चार्ज व्हायचा.
शेजारी दुसरं भोक होतं.
मी कधी बोललो नाही.

मग मार्चअखेरचं वादळ.
फेरीबोट बांधून ठेवलेली, इंटरनेट आडवं,
फोनवर माणसापेक्षा वारा जास्त.
पाणी तांबूस दिसतंय, ती ओरडली,
काल काढलेले सहा होड्या शिंपले धक्क्यावर पडलेत,
बायका पातेली घेऊन उभ्या आहेत,
त्यांना काय सांगू?

मी रूटचा पासवर्ड सांगितला. एकेक अक्षर, बोंबलून.
सोडून गेलेल्या बायकोचं नाव,
पुढे लग्नाचं साल.
अर्ध्या बेटाने ऐकलं असणार.
रोसाल्बा हसली नाही.
बराच वेळ नुसता वारा.
मग फोन तोंडापासून लांब धरून
ती कुणाला तरी म्हणाली, "फेका. सगळे."

समुद्र शमला तशी पहिल्या बोटीने गेलो.
आधी नियम लिहिला तो रागात:
सहा, सहा, सहा. वाचा, लिहा, कुणीही, काहीही.
मागे उभा हिशेबनीस बाल्तासार म्हणाला,
कुणीही म्हणजे माझा नातूसुद्धा? त्याने परवा टोस्टर उघडला.
खोडलं.
मग गट केला. रोसाल्बा, तिची जाऊ, दोघे पाणबुडे.
चार नावं लिहून थांबलो:
यादीत नाव घालणारा पुन्हा मीच,
पुन्हा साडेसातचा फोन.

दुपारी, ओल्या मोज्यांनी शेकोटीशी बसून,
शेवटी ते पोटातलं वाचलं.
एक छोटी खूण असते. ती लावली की
जो त्या खुर्चीत, त्या पडद्यासमोर, आपल्या नावाने बसलाय
त्याला यंत्र उघडतं. उठला की मिटतं.
फक्त फाइलचा क्रमांक त्र्याहत्तरच्या आत हवा,
नाहीतर खूण वाचणारा पुढे निघून गेलेला असतो.
मी नव्वद दिला होता. तासभर डोकं फोडलं.
बाल्तासारने उकडलेला बटाटा आणून दिला, काही न विचारता.
सत्तर केला.
वायर उपटली, जोडली.
रोसाल्बा बसली, आणि पडद्यावर
थेंबभर समुद्र वळवळायला लागला.

पासवर्ड बदलला, हे सांगायला नको.
दुसरं भोकही दाखवलं. तिला ते आधीच माहीत होतं,
"तुला फोन करायला निमित्त नको का,
एकटा असतोस," म्हणाली.

आता साडेसातला फोन वाजत नाही.
एकदा, मे महिन्यात, झोप लागेना म्हणून
घरून शिरलो, रूट न होता, माझ्या साध्या नावाने,
म्हटलं बघू, काय दिसतंय पाण्यात.
परवानगी नाही.
बरोबरच होतं. मी खुर्चीत नव्हतो.
नियम माझाच, स्पेलिंगसकट.

पाव भाजायला ठेवला. पहिली बोट सव्वासातची असते.