बाद

मानकापूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये
बॅडमिंटनच्या रेषांवर मांडलेली अठ्ठावीस टेबलं.
माझं एकोणीस नंबरचं,
सर्व्हिस लाइनच्या जरा आत.
गळ्यात ओळखपत्र : कुंदा चाफले, मतमोजणी सहायक.
फोटो सात वर्षांपूर्वीचा,
तेव्हा मी फोटोत हसायचे.

पदवीधरांची निवडणूक.
इथं मशीन नाही, कागद आहे,
जांभळ्या स्केचपेननं लिहिलेले पसंतीचे आकडे आहेत,
आणि मतदार प्रत्येक जण कॉलेज पास.
तरी बघा,
कुणी बरोबरची खूण केलीय, मी वह्यांवर करते तशी.
कुणी सही ठोकलीय, खाली तारीखसुद्धा.
कुणी दोघांनाही पहिला नंबर दिलाय, भांडण नको म्हणून.
कुणी सगळ्या चौकटी सोडून तळाशी लिहिलंय :
भरती कधी काढता?
शिक्का मारताना ढोबळे साहेब म्हणाले,
'पोरगं खरंच बोलून राह्यलं,
पण चौकटीच्या बाहेर बोलून राह्यलं.'
बाद.

रात्री नऊला निमजे बावीसशेनं पुढे.
साडेअकराला ताजणे एकशे चौदानं.
जाळीपलीकडे दोघांचेही प्रतिनिधी
एकाच थर्मासचा चहा पीत
एकमेकांच्या आकडेमोडीत डोकावत होते.
बाहेर डिसेंबरच्या थंडीत ढोलवाले,
दोन्हीकडून विसार घेतलेले,
ढोलांनाच टेकून झोपलेले.

सगळ्यात मागे असतो तो आधी घरी जातो.
त्याची मतं मात्र घरी जात नाहीत,
दुसऱ्या पसंतीच्या दारात जाऊन बसतात,
बिऱ्हाड हललं की
शेजारच्या ओट्यावर बसणाऱ्या मांजरीसारखी.
एक गेला, सहा गेले, अकरा गेले.
रबरबँड तुटत होते. बोटं जांभळी.
फरक कधी पन्नास, कधी आठ.
कुणीतरी आकडा ओरडायचं
आणि अख्खं स्टेडियम श्वास धरायचं,
जणू शटल नेटच्या पट्टीवर अडकलंय.

पहाटे तीनच्या सुमाराला
माझ्या हातात ती मतपत्रिका आली.
चौकटीत आकडा नव्हता.
शब्द होता : एक.
सावकाश लिहिलेला, शिरोरेघ सरळ,
क-ची शेपटी जरा वर वळलेली.

ती शेपटी माझी.
तेवीस वर्षं कामठीच्या शाळेत, चौथी ब,
मीच गिरवून घेतलीय ती हजारभर पोरांकडून.
मीच सांगत आलेय,
'आकड्यात लिहिलं तर कुणीही पुढे शून्य लावील,
अक्षरात लिहा रे, अक्षरात फसवता येत नाही.'
कोण असेल?
आठवून बघितले सगळे बाक.
नाही सापडलं.

प्रशिक्षणात दोनदा सांगितलं होतं :
शब्दात लिहिलेली पसंती ग्राह्य नाही.
मी पत्रिका ढोबळे साहेबांपुढे ठेवली.
ते माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघत होते.
शिक्का ओला होता, थोडा पसरला.
मत कुणाला होतं ते सांगणार नाही,
शपथ घेतलीय.

सहा दहाला निकाल.
ताजणे सदतीस मतांनी.
बाद : चार हजार तीनशे सहा.
ढोलवाले दचकून उठले,
आधी कुणासाठी वाजवायचं ते विचारून आले.

मानधनाची पावती. रकाना : रक्कम, अक्षरी.
मी लिहिलं, 'एक हजार पन्नास फक्त.'
लेखापालानं न वाचताच शिक्का मारला.

ऑटोत बसले. अंगावर शाल, बोटांवर जांभळा रंग.
'कोण आलं, मॅडम?'
'ताजणे.'
'कितीनं?'
'सदतीस.'
त्यानं गिअर बदलला, हसला.
'फक्त? मी बी बी.कॉम. आहो,
पण नावच नाही टाकलं यादीत.
अन् त्या दिवशी आमच्या चौकात
तेवढे पदवीधर तर
कॅरमच्या भोवतीच उभे होते.'