टन

चौदा मजल्यांची ही काचेची इमारत.
मी तळघरात राहतो, म्हणजे पगारापुरता.
वर सगळे कुडकुडतात,
इथे खाली यंत्रापाशी मी गंजीफ्रॉकवर.
बाहेर सुराबाया. दुपारचे दोन.
डांबर मऊ पडलंय, आणि समुद्र
इतक्या जवळ असून काही उपयोगाचा नाही.

सातव्या मजल्यावर हिशेब बघणाऱ्या वुर्यानीबाई
खुर्चीच्या पाठीवर बारा महिने स्वेटर ठेवत.
विषुववृत्तापासून सात अंशांवर, लोकर!
टेबलाखाली एक छोटा हीटरही होता,
तो मी पाहिला आणि पाहिला नाही असं केलं.
एकच वीज. आधी गारठवायला, मग ऊब द्यायला.
एका हाताने चुलीत पाणी, दुसऱ्या हाताने फुंकर.

एकवीस, हा संचालकांचा आकडा.
त्यांना कोट घालायचा असतो.
मार्चपासून मी कुणाला न सांगता
आठवड्याला पाव अंश वर सरकत गेलो,
झोपलेल्या लेकराच्या मुठीतून
आपलं बोट सोडवून घ्यावं तसा.
गाळण्या धुतल्या. तीन बादल्या काळं पाणी निघालं.
पश्चिमेच्या पडद्यांच्या दोऱ्या बदलल्या,
गार पाण्याच्या नळांवरचं फाटकं वेष्टण पुन्हा बांधलं
आणि रात्री रिकामे मजले थंड करणं थांबवलं.
खुर्च्यांना उकडत नाही, एवढं तरी मला कळतं.

मजल्यामजल्यावर भिंतीला बटणं आहेत.
त्यांच्या तारा कधीच कशाला जोडलेल्या नव्हत्या.
लोक येतात, दाबतात, मान वर करून थांबतात
आणि म्हणतात, हां, आता बरं वाटतंय.
असू दे.

साडेचोवीसला पोचलो तेव्हा जून संपत आला होता.
स्वेटर खुर्चीवरून गेला, हीटरही.
कुणी काही बोललं नाही. फक्त मीटर बोलला.

मग उरला खालचा दरवाजा.
चार बोटं कायम उघडा,
कारण पहारेकरी कार्जोनो तिथे चप्पल अडकवून ठेवतो.
आणि त्या फटीसमोर माक तुमिराहची गाडी,
चेंदोल, नारळाचं दूध, ताडगूळ, किसलेला बर्फ.
फटीतून निसटणारा गारवा थेट तिच्या बर्फावर.
अकरा वर्षं.
ती फट महिन्याला किती खाते ते मी मोजलं होतं.
गुरुवारी दरवाजाला आपोआप मिटवणारा दांडा बसवला.
सहा स्क्रू. छान बसला. आवाजसुद्धा नाही.

शुक्रवारी गाडी चिंचेखाली सरकलेली,
बर्फावर गोणपाट दुहेरी.
मी जाऊन नेहमीसारखा स्टुलावर बसलो.
"किती वाचवलंस?" तिने विचारलं. रागाने नाही.
मी युनिट सांगितले. युनिटांचं तिला काय?
म्हणून मग धंद्यातली जुनी गोष्ट सांगितली :
यंत्राची ताकद टनात मोजतात, आणि तो टन बर्फाचा.
यंत्रं यायच्या आधी बर्फच होता गारव्याला,
तेव्हापासूनचं माप.
दिवसभरात एक टन बर्फ वितळताना
जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढं.

"तुझं यंत्र केवढं?"
"चारशे."

तिची किसणी थांबली.
ती रोज दोन लाद्या घेते, पंचवीस पंचवीस किलोच्या.
ओठ हलत राहिले बराच वेळ.
"सोळा हजार लाद्या," ती म्हणाली. "रोज?"
"रोज. पूर्ण चालवलं तर."

ती इमारतीकडे पाहत राहिली,
पायरीपासून वर चौदाव्यापर्यंत,
काचेतल्या उन्हाने डोळे बारीक करून.
मग माझ्या पेल्यात
रोजच्यापेक्षा एक मूठ बर्फ कमी घातला
आणि पेला पुढे सरकवत म्हणाली,
"बचत."