गंज

आत नेताना त्यांनी उतरवून घेतलं
प्रमिलाचं मंगळसूत्र, जोडवी, केसातली आकडी.
सगळं माझ्या मुठीत. काचेपलीकडे ती.

तीस वर्षं कॉर्पोरेशनच्या पाण्याच्या चाव्या फिरवल्या मी,
पर्वतीपासून पार शनिवारपर्यंत.
रात्री अडीचला रस्ता निजला की
सळई टेकवायची डांबराला, दुसरं टोक कानाला,
आणि ऐकायचं, खाली कुठे झिरपतंय.

यंत्र ठोके देत होतं.
सवयीनं भिंतीला कान लावला.
काही कळलं नाही.

मग डॉक्टर वैजयंती गुर्जरांनी पडद्याजवळ बोलावलं.
"या फोटोत रक्त मुद्दाम काळं ठेवतो आम्ही,
म्हणजे नळीची भिंत दिसते."
भिंत पांढरी पेटलेली.
दुसऱ्या फोटोत तीच नळी बारीक, मग फुगीर, पुन्हा बारीक.
मी मूठ उघडून पाहिली.
काळे मणी.

"बाहेरून कोणी केलेलं नाही.
शरीरच स्वतःच्या नळ्यांवर उठलंय."
मी म्हटलं, गंज.
त्या म्हणाल्या, नाही हो काका, सूज.
गंज उतरत नाही. सूज उतरू शकते.

लाखांत एखाद्याला होतं म्हणे.
माझ्या वॉर्डातली कनेक्शनं मोजायला लागलो मनात,
अर्ध्यात सोडलं.

रिक्षात, नळस्टॉपच्या सिग्नलला
ती मुठीकडे बोट दाखवते,
"दे ना माझं ते... अरे, ते..."

मला शब्द ठाऊक आहे. सांगत नाही.
शेवटच्या घराला
प्रेशर यायला वेळ लागतो.