जिभेच्या डाव्या काठावर

न्याहारी करून या, डॉन एलियोदोरो.
उपाशीपोटी सुईपुढे बसणारे
हमखास खुर्चीतून घसरतात,
मग मला जिभेआधी डोकं बघावं लागतं.

रक्त पातळ करणारी गोळी घेता ना,
ती बारकी, सकाळची?
मनाने बंद करू नका. घेता, एवढं सांगा.
माणसं नेमकं तेच विसरतात,
आणि सेहेचाळीस बकऱ्यांची नावं तोंडपाठ.

तीन आठवडे झाले म्हणता.
दाराशी बसलेली डोन्या ओब्दुलिया म्हणते, ईस्टरपासून.
मी तिचं लिहून घेतलं.

डावा काठ. पांढरट, मधे लाल.
तुटक्या दाताने घासलं असेल, असंही असतं.
नसेलही.
नुसतं बघून मला कळत नाही,
डॉक्टर अरोचांनाही कळत नाही,
म्हणून तर हा मसुराएवढा तुकडा.

सुई टोचते. खोटं कशाला बोलू?
दहा मोजा.
नंतर जीभ दुसऱ्या कुणाची तरी होते,
शेजाऱ्याने ठेवायला दिल्यासारखी.
डॉक्टर ती गॉझने धरतील,
ओल्या मासळीसारखी निसटते म्हणून.
ओढ जाणवेल, दुखणार नाही.
दुखलंच तर डावा हात वर करा. बोलू नका.
मग दोन टाके, आपोआप विरघळणारे.

जिभेला हाड नाही म्हणून माणूस काहीही बोलतो, खरं आहे,
पण हाड नाही म्हणूनच ती लवकर भरते.
एकतीस वर्षं या खुर्चीशेजारी उभी आहे मी.
बत्तीस दातांत राहून
इतकी झटपट सावरणारी दुसरी कुणी पाहिली नाही.

बधिरपणा उतरेपर्यंत काही चावू नका,
स्वतःलाच चावाल आणि कळणारही नाही.
आज थंड सूप. गोफियो दुधात पातळ करून.
उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या.
तिखट मोहो नाही, वाइन नाही,
आणि ती विडी, जी तुम्ही ओढत नाही म्हणता.
रक्त आलं तर स्वच्छ गॉझ दाबून धरा, घड्याळ लावून वीस मिनिटं,
सारखं उघडून बघायचं नाही.
तरी थांबलं नाही, तर रात्र असो, काही असो, इथे या.

विचारा, काही विचारायचं असेल तर.

त्याने बोट वाकवून ओठांशी नेलं,
आणि तिथेच थांबवलं.

संमतीच्या कागदावर सगळं आहे :
सूज, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, क्वचित राहणारा बधिरपणा.
शिट्टी कुठेच नाही.
कागद माद्रिदहून येतो.
तिथे दऱ्या नाहीत,
तिथे कुणी जीभ मागे दुमडून
पलीकडच्या डोंगराला जेवायला बोलवत नाही.

माझ्या जन्माची बातमी आजोबांना अशीच पोचली.
आमच्या बोलीत मुलगा आणि मुलगी
शेवटच्या एका स्वराने वेगळे होतात,
आणि शिट्टीत तो स्वर हमखास पुसला जातो.
आजोबा संध्याकाळी लाकडी तलवार घेऊन आले.
अजून आहे माझ्याकडे.

मी म्हणाले, माहीत नाही, डॉन एलियोदोरो.
टाके असेपर्यंत तरी नको.
त्याने सही केली. अक्षर बकरीच्या वाटेसारखं.

तुकडा बाटलीत गेला, बाटली बोटीत,
बोट तेनेरिफेला.
उत्तर दोन आठवड्यांनी.
त्यांतल्या रात्री कशा काढायच्या,
त्याच्या सूचना मी अजून तयार केलेल्या नाहीत.

रविवारी मी चिपूदेला घरी होते.
पलीकडच्या कड्यावरून रेमेदियोसची शिट्टी आली,
लांबलचक, शेवटी वर चढणारी :
काय म्हणाले?
एलियोदोरोने टोपी काढून हलवली,
एकदा, मग पुन्हा.
टोपीत हो नाही, नाही नाही.
तिने फिरून विचारलं.

नवव्या दिवशी टाक्याचा दोरा सूपात पडला.
काळा, पापणीच्या केसाएवढा.
ओब्दुलिया सांगत होती, त्याने तो काड्यापेटीत ठेवला
आणि जेवण टाकून बाहेर गेला.

पहिली फुंकर नुसती हवा.
दुसरी फाटकी, किटलीसारखी.
तिसरीला सेहेचाळीसांतली एक,
कानाला चीर असलेली,
मान वर करून बघत राहिली.

आली नाही.
बघितलं मात्र.

निकाल गुरुवारी.